अर्धा अननस

सांगलीचं घर आवरताना वहिनीने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि तिच्या तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला आत्याचा क्रोशाचा रुमाल निघाला. अर्धाच विणलेला. सुई शेवटच्या टाक्यात तशीच अडकवलेली, सुताचा गुंडा शेजारी, आणि सुईला गंज चढून त्या एका टाक्यावर विटकरी डाग पडलेला. वहिनीने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ताई, याचं काय करायचं? पुरा करता की उसवू? सूत चांगलं आहे अजून." तिच्या विचारण्यात काहीच वावगं नव्हतं. दुपारी टेम्पो येणार होता आणि प्रत्येक वस्तूचा निकाल लावणं हेच त्या दिवशी आमचं काम होतं. मी म्हटलं, "राहू दे, मी नेते." रुमाल पिशवीत गेला, पण तो प्रश्न काही पिशवीत गेला नाही. पुण्याला येईपर्यंत गाडीत तोच घोळत राहिला, आणि नंतरही कितीतरी दिवस स्वयंपाक करता करता, कपडे वाळत घालता घालता मधेच समोर येऊन उभा राहायचा.

गावभागातलं घर म्हणजे कृष्णेच्या हाकेच्या अंतरावरचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या कपाटातलं सगळं गेलं. गाद्या, फोटो, आजीची हाताने लिहिलेली पाककृतींची वही. माळ्यावरची पेटी तेवढी कोरडी राहिली. कोणी मुद्दाम वाचवली नव्हती. तिथे काय आहे हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. म्हणून हा रुमाल हातात आल्यावर मला आधी वाटला तो निव्वळ आनंद. सूत पिवळट झालं होतं, पण त्याला कुबट वास नव्हता. डांबराच्या गोळ्यांचा आणि पत्र्याचा मिळून एक गार वास होता, आमच्या लहानपणी दिवाळीला पेटी उघडली की यायचा तो.

ज्यांनी क्रोशा केला आहे त्यांना हे ठाऊक असतं. दोन सुयांच्या लोकरीच्या विणकामात सुईवर शंभर टाके असतील तर ते शंभरही उघडे असतात. क्रोशात उघडा टाका एकच, बाकीचे सगळे मागे बंद होत गेलेले. त्यामुळे हे काम बसमध्ये, दवाखान्याच्या बाकड्यावर, कुठेही मधेच थांबवून पर्समध्ये टाकता येतं. आणि त्यामुळेच तो एक टाका निसटला आणि दोरा ओढला, की महिन्यांचं काम काही मिनिटांत सुताचा गुंता होऊन बसतं. आत्याचा अख्खा रुमाल त्या गंजक्या सुईवर इतकी वर्षं टिकून होता. घरी आल्यावर पहिल्यांदा मी तेवढंच केलं. टाक्यातून एक सेफ्टी पिन ओवली आणि मग सुई हळूहळू फिरवत बाहेर काढली. सुताला सुईचा आकार आला होता. सुई निघाली तरी टाका तसाच गोल, ताठ उभा राहिला.

मग तो रुमाल टेबलावर पसरून मी नीट पाहिला. अननसाची डिझाइन. हिला सगळ्याजणी अननसच म्हणतात, आणि महाराष्ट्रात क्रोशाचा एक रुमाल ज्या घरात आहे त्या घरात तो बहुधा याच डिझाइनचा असतो. मधे खांबांचं, म्हणजे उभ्या लांब टाक्यांचं फूल, भोवती जाळी, आणि मग बाहेरच्या अंगाला अननस सुरू होतात. जाळीच्या एका घरात खांबांचा पंखा उघडतो, त्याच्यावर साखळ्यांच्या कमानी बसतात, आणि पुढे दर ओळीला एकेक कमान कमी होत जाते. शेवटी एकच कमान उरते, तो शेंडा. दोन अननसांच्या मधून शिंपल्यांसारख्या खांबांच्या जोड्या वर चढत जातात. आत्याचे अननस खांद्यापर्यंत आले होते. त्याच्या वर नुसतं टेबलाचं लाकूड.

आत्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. सहाला घरी यायची, चपला काढून पाय धुवायची, आणि चहाचा कप घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर बसायची ती सातच्या बातम्यांपर्यंत. तो तास तिचा. त्या तासात तिला कोणी काही सांगितलं तर ती "हं" म्हणायची, पण उठायची नाही. स्वयंपाक आईकडे आणि काकूकडे, आजारपणं आणि बँकेची कामं आत्याकडे, अशी वाटणी होती. घरातल्या सगळ्यांनी मिळून तिचा तो एक तास मात्र कधी मोडला नाही. सूत डाव्या करंगळीभोवती दोनदा गुंडाळून मधल्या बोटावरून घ्यायची तिची पद्धत. दोनदा गुंडाळल्यामुळे दोरा ओढून धरला जायचा आणि टाके घट्ट पडायचे. वापरायची ते 40 नंबरचं सूत. क्रोशाच्या सुतात नंबर वाढेल तसं सूत बारीक होत जातं. हौशी बायका 20 नंबर वापरतात, कारण काम लवकर उरकतं. तिला उरकायची घाई नव्हती.

तिच्या हातचे रुमाल घरात सगळीकडे होते. रेडिओवर, शटरच्या टीव्हीवर, फोनखाली, टिपॉयवर. पाण्याच्या तांब्यावर टाकायला तिने केलेलं गोल झाकण होतं, कडेला निळे काचमणी लावलेलं. मण्यांच्या वजनाने ते तांब्यावर बसायचं आणि काढताना मणी पितळेवर किणकिणायचे. रात्री कोणी पाणी प्यायला उठलं तर कोण उठलंय ते त्या आवाजावरून कळायचं. आजोबा झाकण उचलून बाजूला ठेवायचे, माझा भाऊ ते ओढून काढायचा. पुढे टीव्ही भिंतीला चिकटला आणि त्याच्या डोक्यावर जागाच उरली नाही. फोन खिशात गेला. रुमाल ज्या वस्तूंवर बसायचे त्या वस्तूच सपाट झाल्या किंवा गायब झाल्या, आणि रुमाल एकेक करून कपाटात गेले. लोक म्हणतात आवडीनिवडी बदलल्या. मला वाटतं आधी फर्निचर बदललं, मग आवड त्याच्यामागून गेली.

मला क्रोशा तिनेच शिकवला, आठवीच्या उन्हाळ्यात. पहिले कितीतरी दिवस नुसती साखळी. मग मुका खांब, म्हणजे आखूड टाका, मग खांब, मग गोल. गोल विणणं हे खरं शिक्षण. पहिल्या फेरीत 12 खांब घातले तर दुसरीत 24, तिसरीत 36, असे दर फेरीला 12 वाढवत गेलं की गोल सपाट पडतो. कमी वाढवले की कडा वर उचलायला लागतात आणि त्याची वाटी होते. जास्त वाढवले की कडेला जागा पुरत नाही, झालर सुटते. आत्या न मोजता सांगायची, नुसता हात फिरवून. "वाटी होतेय बघ" किंवा "झालर आली". बोटांच्या टोकांना ते आधी कळतं, डोळ्यांना नंतर. बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की 1997 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना टायमिना या लॅटव्हियाहून आलेल्या गणितज्ञ बाईंनी ही झालरच हाताशी धरली. दर फेरीला ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत नेले की जो झालरीदार पृष्ठभाग तयार होतो, तो गणितातल्या हायपरबोलिक प्रतलाचा, म्हणजे सपाट न राहता सगळीकडे वळत जाणाऱ्या पृष्ठभागाचा, नमुना असतो. कागदाचे नमुने फाटायचे; क्रोशाचा हातात धरता येतो, दुमडता येतो, त्याच्यावर रेषा शिवून विद्यार्थ्यांना दाखवता येतात. ते वाचलं तेव्हा आत्या नव्हती. तिला हे सांगायला मिळायला हवं होतं. ती चकित झाली असती असं नाही. तिने सुई बाजूला ठेवली असती, त्या बाईंनी कुठलं सूत वापरलं ते विचारायला.

याच हातांच्या गोष्टीत मला नानकटाई आठवते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे साजूक तूप परातीत काढून तळहाताने फेसायला घ्यायचे. सुरुवातीला ते पिवळं, रवाळ, हाताला गार लागतं. पिठीसाखर घालून फेसत राहिलं की हळूहळू पांढरं आणि हलकं होत जातं, आणि एका क्षणी तळव्याखालचा आवाज बदलतो. खरखर संपते आणि चप-चप असा मऊ आवाज यायला लागतो. मग मैदा, थोडं बेसन, चिमूट सोडा, वेलदोडा आणि जायफळ. पाणी नाही, दूध नाही. तुपातच गोळा जमायला हवा. गोळ्या करून त्या पत्र्यावर अंतर ठेवून मांडायच्या आणि पत्रे घेऊन बेकरीत जायचं. पहाटेच्या पावाचा घाणा निघून गेला की भट्टी उतरतीला लागते. विटांनी धरून ठेवलेली ती मऊ, दमदार आच नानकटाईला लागते. पाव भाजणारी आच मिळाली तर वरून करपते आणि आत कच्ची राहते. म्हणून घरोघरचे पत्रे दुपारी घ्यायचे. पोरंसोरं पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवून बाहेर पायरीवर ताटकळत बसायची. तूप, वेलदोडा आणि जळक्या लाकडाचा तो वास कपड्यांना लागून घरापर्यंत यायचा.

चिठ्ठ्या बऱ्याचदा भट्टीत जळून जायच्या किंवा उडून जायच्या, आणि तरीही पत्रे बदलले गेले असं मला आठवत नाही. कारण प्रत्येकीला आपली नानकटाई ओळखू यायची. साहित्य सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. पण आई गोळीला मधे अंगठ्याने खळगा करायची आणि त्यात चारोळीचे दोन दाणे. शेजारच्या काकू वर सुरीने फुली मारायच्या. आत्या काहीच करायची नाही, फक्त गोळी दोन तळव्यांत फिरवून किंचित दाबायची. तिच्या नानकटाईला पडायच्या त्या भेगा इतक्या सारख्या, मधून कडेकडे जाणाऱ्या, की बेकरीतले मामा लांबूनच सांगायचे, "टायपिस्ट बाईंचा पत्रा हा." गोधडीचंही तसंच. दुपारी चारजणी चार बाजूंनी बसून धावदोरा घालायच्या, कडेकडून आत आत येत. गोधडी पुरी झाल्यावर कुठून कुठपर्यंत कोणाचा हात चालला ते टाक्यांच्या लांबीवरून सांगता यायचं. आजीचे टाके तांदळाएवढे. एक बाजू मात्र कुणाचीतरी लांब लांब, घाईची, जिला घरी मूल रडत होतं तिची.

हात ओळखू येतो, हे मला फार मोठं सुख वाटतं.

आणि म्हणूनच क्रोशाबद्दलची एक गोष्ट कळली तेव्हा मी हललेच. मोजे विणायचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने 1589 साली केलं. विणकाम चारशे वर्षांपूर्वीच यंत्रावर गेलं. क्रोशा मात्र आजही कारखान्यातल्या यंत्रांवर होत नाही. यंत्रावरच्या ज्या जाळीला बाजारात क्रोशा लेस म्हणतात, तिची वीण वेगळी असते. सुईचा आकडा टाक्यातून आत घालायचा, दोरा ओढायचा, वेढा द्यायचा, पुन्हा ओढायचा, हे माणसाचं मनगटच करतं. म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या दुकानात टांगलेला खऱ्या क्रोशाचा टॉप कोणीतरी हाताने केलेला आहे. एकूण एक टाका. हे कळल्यापासून मी तसा टॉप दिसला की त्याची कड उलटून बघते. किंमत बघते. आणि त्या किमतीतले किती पैसे त्या मनगटापर्यंत पोचले असतील याचा हिशेब मनात सुरू होतो, तो जुळत नाही.

आंध्रात गोदावरीच्या तोंडाशी नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिथल्या बायकांना क्रोशा शिकवला आणि त्याचा मोठा निर्यातीचा धंदा झाला. आयर्लंडमध्येही 1840 च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला तेव्हा कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींनी बायकांना हेच शिकवलं होतं, आणि त्या लेसवर कितीतरी घरं तगली. नरसापूरच्या बायकांचा अभ्यास मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1970 च्या दशकाच्या शेवटी केला. त्यांना आढळलं ते असं. या बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, माल परदेशात जात होता, व्यापारी श्रीमंत होत होते. पण बायकांना मजूर म्हणून कोणी मोजत नव्हतं. त्या घरी बसलेल्या, फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी मानल्या जात, आणि मजुरी त्याच हिशेबाने मिळे. हे वाचल्यावर माझ्या आवडीच्या कामाकडे मला पूर्वीइतकं निवांतपणे बघता येत नाही. जी सुई माझ्या संध्याकाळी भरून टाकते, तीच दुसरीच्या डोळ्यांना नंबर आणते. सुई तीच, टाका तोच. फरक एवढाच की आत्याच्या तासावर कोणाचा हक्क नव्हता. माल किती झाला, कधी देणार, हे तिला विचारणारं कोणी नव्हतं, आणि पोट भरायला तिच्याकडे पगार होता. घरगुती कलाकुसरीचे गोडवे गाताना हा पगार विसरला जातो, आणि तो विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

पण घरातही ते काम फावल्या वेळातलंच मोजलं गेलं. आत्या गेल्यावर बोलायला आलेल्यांनी तिची नोकरी काढली, भावंडांची शिक्षणं काढली, तिने फेडलेलं घराचं कर्ज काढलं. हे सगळं खरंच होतं. रुमालाबद्दल कोणी बोललं नाही. इतकी वर्षं रोज संध्याकाळी जे माणूस निवडून, ठरवून, कोणी न सांगता करतं, ते त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त काही सांगत असणार. मला आत्या आठवते ती कर्ज फेडणारी नाही. खिडकीच्या कट्ट्यावर मान किंचित डावीकडे कलती करून टाके मोजणारी आठवते, ओठ हलतायत पण आवाज नाही.

तर तो रुमाल. माझ्याकडे त्याच नंबरचं सूत होतं, त्याच मापाची सुई आणली. त्याला हात लावण्याआधी वेगळा एक नमुना विणून पाहिला, मधल्या फुलापासून पहिल्या जाळीपर्यंत. माझा तुकडा तिच्या तुकड्यावर ठेवला तर माझा चांगला बोटभर मोठा. मी दोरा करंगळीभोवती एकदाच घेते, माझा हात सैल आहे. करंगळीभोवती दोनदा घेऊन पाहिलं तेव्हा तो घट्ट आला, पण मनगट आखडलं आणि टाके रागावल्यासारखे दिसायला लागले. पुरा करायचा तर तिच्या खांद्यांवर माझे शेंडे बसणार, आणि जिथे हात बदलला ती फेरी कायम दिसत राहणार. गोधडीत ते मला आवडतं. तिथे चौघी एकाच वेळी बसलेल्या असतात, एकमेकींशी बोलत. इथे ती नाही. उसवणं तर मला जमलंच नसतं. मी वहिनीला फोन करून सांगितलं, दोन्ही करत नाही. ती म्हणाली, "मग ठेवा तसाच, कुठे खायला मागतोय." तिच्या बोलण्याने मला एकदम मोकळं वाटलं.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, आयटीत नोकरी करते आणि मोबाइलवर बघून क्रोशा शिकली आहे. ती अमिगुरुमी करते, म्हणजे क्रोशाची छोटी भरीव जपानी खेळणी. अस्वलं, ससे, एकदा एक वांगंही केलं होतं. वाटी होऊ नये म्हणून आम्ही जे धडपडायचो, ते ती मुद्दाम करते. खेळण्याचं डोकं म्हणजे शिस्तीत वळवलेली वाटीच. तिला आत्याचा रुमाल दाखवला तर तिने तो उन्हाच्या बाजूला धरला, फोटो काढले आणि दोन दिवसांनी कागदावर त्याचा तक्ता करून आणला. खांबाला एक खूण, साखळीला एक, कमानीला एक, फेरीमागून फेरी. आत्याने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. सगळं बोटांत होतं. आणि ही पोरगी तिला न भेटता, नुसती तिची वीण वाचून ते कागदावर उतरवून मोकळी झाली. राहिलेल्या फेऱ्या तिने ठिपक्यांच्या रेषेने काढल्या होत्या. कमानी पाच, चार, तीन, दोन होत शेंड्याला एक, आणि कडेला छोटी टोकं. "टोकं माझ्या मनाची आहेत मावशी," ती म्हणाली, "त्यांना आवडली असती का?" मी म्हटलं, आत्या टोकं करायचीच, पण तीन साखळ्यांची, तू पाचांची धरली आहेस. तिने लगेच खोडून तीन केलं.

आता आम्ही दोघी त्या तक्त्यावरून पहिल्यापासून नवे रुमाल विणणार आहोत, आपापल्या हाताने. शनिवारी बोहरी आळीत जायचं ठरलं आहे, 40 नंबरचं सूत बघायला. हल्ली तिथे लोकरीचे आणि जाड सुताचे ढीग असतात, बारीक सूत मागावं लागतं, आणि दुकानदार आतल्या कपाटातून खोकं काढून देतात. मला पांढरं हवंय. तिला मोरपंखी. एवढ्या बारीक सुतात मोरपंखी मिळेल की नाही याची तिला काळजी लागली आहे, आणि मी तिला सांगितलंय की नाही मिळालं तर रविवार पेठेतली बाकीची दुकानं पालथी घालू, दुपारपर्यंत वेळ आहे.